दवाखान्यातली लबाडी दिसली तर: बेळगाव सीमाभागात तक्रार कुठं करावी, आणि स्वतःला कसं जपावं

पेशंट दोन दिवसांत घरी गेला आणि कागदावर मुक्काम पाच दिवसांचा दाखवला. बीपीएल कार्डावर मोफत असलेल्या ऑपरेशनला बिलिंगच्या मागच्या खोलीत रोख मोजून घेतली. साध्या तापाला आयसीयूचं पॅकेज लावलं. या गोष्टी सगळ्यात आधी कळतात त्या पेशंटच्या घरच्यांना, नाहीतर तिथंच काम करणाऱ्या नर्सला, लॅबमधल्या टेक्निशियनला, क्लेम अपलोड करणाऱ्या पोराला. निपाणी असो, खानापूर असो की अथणी, प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सांगितलं तर माझं काय होईल?

आधी एक भ्रम काढून टाकू. मोबाईलवर शोधलं की तक्रारदाराला वसुलीतले पंधरा ते तीस टक्के मिळतात, नोकरीवरून काढलं तर दुप्पट पगार मिळतो, असं वाचायला मिळतं. तो अमेरिकेतला १८६३ सालचा फॉल्स क्लेम्स ॲक्ट. आपल्याकडे तशी सोय नाही. व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्ट संसदेनं २०१४ मध्ये मंजूर केला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागू झालाच नाही. त्यामुळं ‘माझ्यामागं कायदा आहे’ असं समजून कुणी उठून उभं राहू नये. आपलं संरक्षण वेगवेगळ्या कायद्यांत तुकड्या-तुकड्यानं विखुरलेलं आहे, आणि ते मिळणं न मिळणं बरंचसं आपण काय आधी करतो आणि काय नंतर, यावर ठरतं. एकदा नाव फुटलं की काही दरवाजे कायमचे बंद होतात.

पैसा कुणाचा गेला?

सगळ्यात आधी हे ठरवा. डॉक्टर किती वाईट वागले हा प्रश्न नंतरचा. पैसा ज्याचा, चौकशीचा अधिकार बहुतेक त्याचा.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही आपल्या भागातली मोठी योजना. ती चालवतं बेंगळूरचं सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. एपीएलवाल्यांना मात्र पॅकेजच्या दराच्या तीस टक्केच मिळतात, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. हा फरक आधी समजून घ्या, कारण ‘पैसे घेतले’ ही तक्रार बीपीएलसाठी गंभीर आहे आणि एपीएलसाठी कदाचित तक्रारच नाही. योजनेतल्या खासगी दवाखान्यानं रोख घेतली, न केलेला उपचार दाखवला किंवा सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र बनावट लावलं, तर तक्रार ट्रस्टकडे आणि जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांकडे. फोनवरून सुरुवात करायची तर १४५५५ किंवा १०४. आयुष्मानच्या तक्रार पोर्टलवर नोंद केली की एक तक्रार क्रमांक मिळतो. तो कागदावर उतरवून ठेवा, नुसता मेसेजमध्ये नको. जिल्हा समितीकडून दाद लागली नाही तर राज्य समिती असते.

सरकारी दवाखान्यात, मग ते प्राथमिक आरोग्य केंद्र असो की जिल्हा रुग्णालय, पैसे मागितले तर तो भ्रष्टाचार. त्यासाठी लोकायुक्त. २०१६ मध्ये आलेलं लाचलुचपत विरोधी पथक, म्हणजे एसीबी, हायकोर्टानं ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द केलं, त्यामुळं लाचेचे गुन्हे पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडेच आहेत. लाच अजून दिली नसेल तर देण्याआधी जा. सापळा लावण्यासाठी पोलिसांना कळवून पैसे दिले तर देणारा गुन्हेगार ठरत नाही. दबावाखाली देऊन बसला असाल तर सात दिवसांच्या आत कळवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, सूट आहे ती एवढ्या मुदतीपुरतीच. ‘बघू, बाळंतीण घरी आली की तक्रार करू’ म्हणणाऱ्यांचे ते सात दिवस बारशातच निघून जातात. लोकायुक्तांकडे लेखी तक्रार करायची तर ठरलेला नमुना आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. मुद्दाम खोटी तक्रार केल्यास शिक्षाही आहे.

योजना नाही, स्वतःच्या खिशातून खासगी दवाखान्याला पैसे दिले आणि बिलात लबाडी आहे, तर कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७. त्याखाली जिल्ह्यात नोंदणी आणि तक्रार निवारण प्राधिकरण असतं. अध्यक्ष डीसी (जिल्हाधिकारी), सदस्य सचिव जिल्हा आरोग्याधिकारी. दरपत्रक लावणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. पैसे परत हवेत तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षे.

मेडिक्लेममधली लबाडी असेल तर विमा कंपनी, आणि तिनं ऐकलं नाही तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, फोन १५५२५५.

राहिला केंद्राचा पैसा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं गल्लोगल्ली माजी सैनिक, आणि त्यांच्यासाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना. उद्यमबाग-मच्छेच्या फौंड्रीत काम करणाऱ्यांचा कामगार विमा, म्हणजे ईएसआय. कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड. इथं केंद्राचा कर्मचारी किंवा सरकारी विमा कंपनीतला अधिकारी सामील असेल तर एक खास वाट आहे, आणि सगळ्या वाटांत नाव गुप्त ठेवण्याची पक्की पद्धत तिथंच आहे.

गुप्त लिफाफा

सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्गाच्या कामावरचे इंजिनिअर. त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला घोटाळ्याचं पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, तरी ते पत्र खात्याखात्यांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २१ एप्रिल २००४ ला केंद्रानं ठराव काढला, जो पीआयडीपीआय या नावानं ओळखला जातो. तक्रार घेणारी यंत्रणा केंद्रीय दक्षता आयोग.

पद्धत काटेकोर आहे. तक्रार बंद लिफाफ्यात घाला. लिफाफ्यावर ‘पीआयडीपीआय’ किंवा ‘जनहित प्रकटन ठरावाखाली तक्रार’ असं ठळक लिहा. पत्ता: सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली. पाठवणाऱ्याचं नाव लिफाफ्यावर घालू नका, ते आतल्या पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी घाला. पण आत ते असलंच पाहिजे, निनावी पत्र इथं चालत नाही. ई-मेलनं पाठवू नका. आयोगाकडून ‘हे पत्र तुमचंच का’ असं विचारणारं पत्र येतं, त्याला वेळेत उत्तर द्या.

आणि हे विसरू नका: हीच तक्रार आधी नावानिशी इतर चार कार्यालयांना पाठवली असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. लोक नेमकं उलटं करतात. मंत्र्याला, खासदाराला, वर्तमानपत्राला प्रती पाठवून झाल्यावर दिल्लीचा लिफाफा चिकटवतात. केंद्राचा माणूस सामील असल्याचा संशय असेल तर हा लिफाफा पहिला. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांविरुद्ध मात्र ही वाट चालत नाही, तिथं लोकायुक्तच.

पुरावा कसा जमवायचा

पेशंटच्या बाजूनं काम सोपं आहे. केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, ऑपरेशन नोट, सगळं मागण्याचा हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल पेशंटच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात. मागणीचा अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. नोंदी दिल्या नाहीत तर ती पोचच पहिला पुरावा.

मग डिस्चार्ज कार्ड घेऊन निवांत बसा. दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख तुमच्या आठवणीशी, एसटीच्या तिकिटाशी, मेडिकलच्या बिलाशी ताडून पाहा. पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं आणि कार्डावर पोट उघडून केल्याचं असेल तर टाके मोजले तरी कळतं. पावती बघा. अशा रोखीच्या चिठ्ठ्यांचा एक ठरलेला चेहरा असतो: डायरीचं फाडलेलं पान, निळ्या पेननं ‘जमा ८०००’, खाली वळवळीत सही, वर दवाखान्याचं नाव नाही, तारीख असली तर दिवस आणि महिना, वर्ष नाही. ती चिठ्ठी लॅमिनेट करू नका, स्टेपल करू नका, तिच्यावर स्वतः काही लिहू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मागची बाजूही झेरॉक्स करा. कधीकधी मागं दुसऱ्याच पेशंटचा हिशेब निघतो.

फोनवरचे फोटो, रेकॉर्डिंग चालतात, पण कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ फाईल मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पुढं पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती जाते. नवा फोन घेतला तरी जुना विकू नका.

घोटाळा लहान वाटला तरी सोडू नका. २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात आयुष्मानच्या ७,४९,८२० लाभार्थ्यांना ९९९९९९९९९९ हा एकच मोबाईल नंबर लावलेला सापडला. खरा नंबर नसला की पेशंटला मेसेज जात नाही, आणि त्याच्या नावावर काय उचललं ते त्याला कळत नाही. तुमच्या कार्डाला कोणता नंबर जोडलाय हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, आजच विचारा.

तिथंच नोकरी करत असाल तर

इथं सगळ्यात जास्त सांभाळायचं. तुमच्याकडे माहिती जास्त, आणि धोकाही.

मूळ फाईल, रजिस्टर, पेन ड्राइव्ह बाहेर नेऊ नका. तुमच्यावर चोरीची केस टाकायला मालकाला तेवढं निमित्त पुरतं. पेशंटची नावं, आजार, विशेषतः एचआयव्हीसारखी माहिती चारचौघांत जाऊ देऊ नका, तो वेगळा गुन्हा होतो. त्याऐवजी घरी एक वही ठेवा. तारीख, आयपी क्रमांक (दाखल पेशंटचा नंबर), पूर्वमंजुरीचा क्रमांक, पॅकेज कोणतं लावलं, प्रत्यक्षात काय झालं, तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं. ‘ऐकलं’ आणि ‘पाहिलं’ यांचे रकाने वेगळे करा. चौकशी अधिकाऱ्याला क्रमांक मिळाले की बाकीचं तो सर्व्हरवरून काढतो. पळवलेल्या फाईलपेक्षा दहा अचूक क्रमांक जास्त कामाचे.

तुमची वही दुसऱ्या कुणाच्या हाताखालून गेलेली नसावी. तीन सहकारी मिळून तक्रार केली तर बळ येतं हे खरं, पण चौथ्याला कळलं की आठवड्यात मालकाला कळतं. बेळगावात कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही.

त्याचबरोबर स्वतःची फाईल तयार करा: नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या, हजेरी, चांगल्या कामाबद्दल आलेलं एखादं पत्र. तक्रारीनंतर अचानक ‘काम बरोबर नाही’ असे मेमो यायला लागले तर आधीची फाईलच बोलते. मेमोला लेखी उत्तर द्या, दोन ओळींचं का होईना. कोऱ्या कागदावर सही करू नका आणि रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. राजीनाम्यानंतर ‘काढून टाकलं’ म्हणता येत नाही.

डॉक्टरांसाठी एक वेगळी गोष्ट. आचारसंहितेच्या कलम १.७ मध्ये सहकाऱ्यांचं अप्रामाणिक वर्तन भीडभाड न ठेवता उघड करणं हे डॉक्टरचं कर्तव्यच सांगितलंय. कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे अर्ज करताना त्याचा उल्लेख करा. सरकारी नोकर असाल तर सेवा नियमांमुळं वर्तमानपत्राची वाट धरू नका. मोठ्या शेअर बाजारातल्या कंपनीचं हॉस्पिटल असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली तक्रारीची अंतर्गत यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडचे बहुतेक दवाखाने ट्रस्टचे नाहीतर भागीदारीतले, त्यांना ते लागू नाही.

अर्ज

पैसे परत हवेत की घोटाळा उघडा पडायला हवा, हे आधी ठरवा. पैसे परत मागितले की तुमचं नाव दवाखान्याला कळणारच. नाव झाकायचं असेल तर परताव्याची मागणी घालू नका.

भाषेची भीती नको. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार कुठल्याही गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं, म्हणजे डीसी ऑफिसात मराठी अर्ज चालतो. तरीही माझा सल्ला: सोबत कन्नड प्रत जोडा. हक्क आपला आहेच, पण फाईल ज्या टेबलावरून पुढं जायची त्या कारकुनाला वाचता आलं तर ती लवकर सरकते. मराठी प्रतीवर सही, कन्नड प्रतीवर ‘भाषांतर’ एवढा शब्द.

मजकूर असा, कोरडा:

‘आई दि. … रोजी योजनेखाली दाखल झाली, आयपी क्रमांक … . दि. … ला दुपारी बिलिंग काउंटरवर ८,००० रुपये रोख घेतले. दिलेल्या चिठ्ठीची प्रत जोडली आहे, तिच्यावर दवाखान्याचं नाव नाही. डिस्चार्ज कार्डावर या रकमेचा उल्लेख नाही. योजनेकडे पाठवलेला क्लेम आणि सोबतची कागदपत्रं ताडून पाहावीत.’

‘लुटारू’, ‘कसाई’ असे शब्द नकोत. अधिकाऱ्याकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, तसा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येच आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डॉक्टरचा फोटो टाकलात तर मात्र तो अपवाद तुमच्या मदतीला येईलच असं नाही. काउंटरवर जाऊन आरडाओरडा, काच फोडणं तर नकोच. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध कर्नाटकात २००९ पासून बिगरजामीन गुन्ह्याचा कायदा आहे, आणि मग लबाड दवाखानाच फिर्यादी होतो.

कोगनोळी नाक्याच्या पलीकडे, महाराष्ट्रात

चिकोडी-निपाणीचा पेशंट कोल्हापूरला, अथणी-कागवाडचा मिरजेला जातो, त्यात नवीन काही नाही. दवाखाना ज्या राज्यात, तक्रार त्या राज्याच्या यंत्रणेकडे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी १५५३८८. आयुष्मानचं कार्ड तिकडं वापरलं असेल तर एक प्रत बेंगळूरलाही टाका.

सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी फुले योजना लागू करण्याचा महाराष्ट्राचा निर्णय आणि कर्नाटकानं त्याला घेतलेली हरकत सगळ्यांना माहीत आहे. त्या राजकारणात एजंटांचं फावतं. पाहुण्याच्या पत्त्यावर महाराष्ट्राचं रेशन कार्ड काढून देतो म्हणणारा कुणी भेटला तर लांब राहा. तसं कार्ड वापरून बसला असाल तर तक्रारीआधी वकिलाला भेटा, कारण चौकशी तुमच्यापासूनच सुरू होईल. वकील परवडत नसेल तर कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पोलीस ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, नोंद घ्यावी लागते. हद्द ओलांडून तपास होऊ शकतो: २०१७ मध्ये म्हैसाळला १९ भ्रूण सापडले तेव्हा सांगली पोलीस कागवाड आणि विजापूरपर्यंत पोचले होते.

धमकी आली, नोकरी गेली

धमकीचा फोन आला की वेळ आणि नंबर लिहा, त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या. गुन्हा नोंद होऊन तुम्ही साक्षीदार असाल तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ आहे. ती सुप्रीम कोर्टानं ५ डिसेंबर २०१८ ला देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. ज्या गुन्ह्यांना सात वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकते, त्यांच्यासाठी ही योजना आहे. न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८(४) सात वर्षांचं आहे, म्हणून एफआयआरमध्ये ते कलम लागलंय का हे बघा.

नोकरीवरून काढलं तर कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे लगेच वाद नोंदवा. सूडबुद्धीनं काढणं ही अनुचित कामगार प्रथा मानली जाते. निकालाला वेळ लागतो हे मनात धरूनच तक्रारीचा दिवस ठरवा. घरात दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर थोडं थांबून, वही भरत राहून, मग अर्ज करणं यात भित्रेपणा नाही. सगळं फसलं तर इकडं हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ, आणि कोल्हापूर-सांगलीच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच.

पुढचा पाठपुरावा

महिनाभर काही हललं नाही तर कर्नाटक सरकारच्या १९०२ या हेल्पलाइनवर गाऱ्हाणं नोंदवा आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, त्यामुळं प्रस्तावना गाळा. इतकंच विचारा: अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली, फाईल सध्या कोणाकडे आहे. दवाखान्यानं उलट अर्ज टाकून तक्रारदाराचं नाव मागितलं तर? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(छ) खाली कायदा राबवण्यासाठी विश्वासानं माहिती देणाऱ्याची ओळख उघड करण्यापासून सूट आहे. तक्रारीतच ‘ही माहिती विश्वासात दिली आहे’ असं वाक्य घातलं असेल तर अधिकाऱ्याला नकार देणं सोपं जातं.

चौकशीला बोलावणं आलं की कुणाला तरी सोबत न्या. जबाब बहुतेक कन्नडमध्ये टंकला जाईल. खात्याच्या चौकशीत तो मराठीत वाचून दाखवायला सांगा, आणि सहीच्या वर स्वतःच्या हातानं ‘मजकूर मला मराठीत समजावून सांगितला’ असं लिहा. नाही वाचून दाखवला तर तसं लिहा. पोलिसांनी गुन्ह्याच्या तपासात घेतलेल्या जबाबावर मात्र साक्षीदाराची सही घ्यायची नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तेच सांगतं. कुणी आग्रह धरला तर कलमाचा आकडा सांगून नम्रपणे नकार द्या, आणि निघताना जबाब घेणाऱ्याचं नाव आणि हुद्दा वहीत टिपून घ्या.